तिसऱ्या डिस्कची पाठ

भाऊजी, तुम्ही गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे चांगलं बोलले. आयटीआयचे तुमचे विद्यार्थी बोलले, विहाराचे अध्यक्ष बोलले, शेजारच्या वकीलसाहेबांनी तुम्ही दुरुस्त केलेल्या त्यांच्या रेडिओची आठवण सांगितली. माझ्यापर्यंत माईक आला तेव्हा मी तो पुढे दिला. लोकांना वाटलं, वहिनींना भरून आलं. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते अर्धं होतं, आणि अर्धी गोष्ट सभेत सांगायची नाही हा माझा नेम तुम्हाला माहीत आहे. आज ती पुरी झाली. म्हणून जेवण आटोपून, टेबल पुसून लिहायला बसले आहे.

हे अन्वी आणि ओमही वाचणार आहेत, तिकडे कॅनडात. फोनच्या पडद्यावर तुम्ही त्यांना सोल्डरिंगचा धूर दाखवायचात आणि ती दोघं "काका आजोबा, अजून, अजून" म्हणायची. त्यांच्यासाठी मला तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नका.

मुलांनो, तुमचे काका आजोबा म्हणजे माझे दीर, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. बीडला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहिले. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी आत्याबाई म्हणायचे. भाऊजी तिला माय म्हणायचे. या गोष्टीत माणसं आम्ही तिघंच.

भाऊजी, तो कॉम्प्युटर तुम्ही घरी आणलात तेव्हा मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. जाडजूड कीबोर्डच होता तो, टीव्हीला जोडायचा, आखातातून परतलेल्या कुणाकडून तरी घेतलेला. सोबत विटेसारखी जड डिस्क ड्राइव्ह. तुम्हाला त्यावर आकडेमोड करायची होती. मी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, "यावर लिहिता येतं का?" तुम्ही म्हणालात, "येतं की. पण मराठी न्हाई येत." मी म्हटलं, "इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीन." झालं. त्या दिवसापासून तुमच्या खेळण्यावर माझा हक्क बसला.

तेव्हा विहाराची स्मरणिका निघायची होती. दीक्षेच्या काळात तेलगावच्या आमच्या वस्तीत काय घडलं, ते जुन्या माणसांकडून लिहून घ्यायचं ठरलं होतं. आत्याबाईंचं मी घ्यायचं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगायच्या आणि मी टाइप करायची. तीन रविवार लागले.

कोऱ्या डिस्क बीडमध्ये मिळत नव्हत्या. तुमच्याकडे तीन होत्या, त्यांत तुमचे प्रोग्राम. तुमची ड्राइव्ह डिस्कची एकच बाजू वापरायची. पण डिस्क दोन्हीकडून सारखीच काळी, सारखीच गुळगुळीत. माझा जन्म पाठकोऱ्या कागदांवर गेलेला. परीक्षेचे जुने पेपर, लग्नपत्रिका, लाइटबिलं, कशाचीही पाठ कोरी असेल तर मी ती वापरते. डिस्कच्या कडेला एक चौकोनी खाच असते, ती असेल तरच ड्राइव्ह लिहू देते. मी मापून दुसऱ्या कडेलाही तशीच खाच कात्रीने कापली, डिस्क उलटी घातली, आणि ती निमूट चालली. तुम्ही आयटीआयमधून परत आलात आणि कपाळाला हात लावलात.

"वहिनी, पाठीमागून कुनी वापरतं का डिस्क?"

"मी वापरते."

तिन्ही डिस्कच्या पाठीवर आत्याबाई बसल्या.

आता ती गोष्ट, जी मी तुमच्याशी नीट कधी बोलले नाही. तिसऱ्या रविवारी सगळं लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि मला ते स्मरणिकेत देण्यासारखं वाटलं नाही. आत्याबाई मध्येच शिव्या द्यायच्या, कुणाच्या म्हशीचं सांगायच्या. आणि एक जागा तर मला चालण्यासारखीच नव्हती. वस्तीने सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. आत्याबाईंनी सांगितलं की त्यांनी एक टाक, म्हणजे देवाचा ठसा उठवलेला धातूचा छोटा पत्रा, लपवून ठेवला होता. मला लाज वाटली. माणसं काय म्हणतील, आमच्या घरातून असं छापून येतं? मी ती जागा काढली. भाषा सुधारली. नवी प्रत केली, जुनी पुसून टाकली. मग पडद्यावरून बघून सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवलं आणि प्रेसला दिलं.

स्मरणिका आली. तुम्ही ती उभ्यानेच वाचलीत.

"ह्यात माय कुठं हाय?" तुम्ही विचारलंत.

"हे काय, नाव आहे ना वर."

"नाव हाय. माय न्हाई. ही तर तुमच्या कॉलेजातली कुनी बाई बोलती."

मी तुम्हाला संपादन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बरंच समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि अंगणात जाऊन बसलात. त्यानंतर या विषयावर आपण पस्तीस-एक वर्षं वाद घातला. कधी जेवताना, कधी कुणाच्या लग्नात, एकदा तर तुमच्या दादांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर. आत्याबाई त्यानंतर फार जगल्या नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. कॉम्प्युटर आणि त्याची ड्राइव्ह एका उन्हाळ्यात व्होल्टेजच्या खेळात जळाली. डिस्क मी पाकिटात घालून, पाकिटावर विषय लिहून कपाटात ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

निवृत्त झाल्यावर एक दिवस तुम्ही चहा घेताना म्हणालात, "वहिनी, तुमी ते जुनं पुसलं, ते गेलेलं न्हाई."

मी म्हटलं, "मी स्वतः पुसलंय."

"रजिस्टरातून पोराचं नाव काढलं म्हणून पोरगं वर्गातून उठून जातं का? डिस्कवर नुसतं यादीतलं नाव जातं. त्या जागंवर दुसरं काय लिवलं न्हाई, तर पोरगं बसल्यालंच हाय."

मी त्या रात्री जेवले नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला आनंद झाला की भीती वाटली, ते मलाच सांगता आलं नसतं.

मग तुमची शोधाशोध सुरू झाली. अंबाजोगाईला लग्नाला गेलो होतो, तिथल्या कॉलेजातल्या तुमच्या मित्राने भंगारात निघालेली मोठ्या डिस्कची ड्राइव्ह तुम्हाला दिली. येताना एसटीत ती तुमच्या मांडीवर. मांजरसुंब्याला गाडी ढाब्यावर थांबली तर तुम्ही ती घेऊनच खाली उतरलात. कंडक्टर म्हणाला, "काका, ठिवा की सीटवर. कोन नेतंय ते डबडं?" तुम्ही म्हणालात, "ह्यात माजी माय हाय." त्या बिचाऱ्याने तुमच्यासाठी चहा आणला. त्याला वाटलं, अस्थी आहेत. मी तुमच्याकडे डोळे वटारले, आणि तुम्ही इतके हसलात की चहा शर्टावर सांडला. तो डाग मी दोनदा धुतला, निघाला नाही.

पण ही ड्राइव्ह माझ्या पाठकोऱ्या डिस्कना हात लावीना. मुलांनो, कारण समजून घ्या. डिस्कच्या आतल्या चकतीला एक बारीक भोक असतं, बाहेरच्या आवरणालाही एक. चकती फिरताना दर फेरीला दोन्ही भोकं समोरासमोर येतात, पलीकडचा दिवा दिसतो, आणि ड्राइव्हला कळतं की एक फेरी झाली. आमच्या जुन्या ड्राइव्हला या भोकाशी काही देणंघेणं नव्हतं. या नव्या ड्राइव्हला ते लागायचंच. आणि डिस्क उलटी घातली की आवरणातलं भोक भलतीकडे जातं. दिवा दिसत नाही. ड्राइव्ह म्हणते, डिस्कच नाही. म्हणजे आत्याबाईंना मी माझ्या काटकसरीने कोंडून ठेवलं होतं.

"आवरनाला दुसरं भोक पाडू का?" तुम्ही विचारलंत.

"नाही. माझी कात्री एकदा चालली, तेवढी बास."

"मग ड्राइव्हलाच कापावं लागंल."

"कापा."

तुम्ही तिचं झाकण काढलंत. आतल्या हिरव्या पाटीवर, भोक बघणाऱ्या डोळ्याकडून येणारी तांब्याची केसाएवढी रेघ तुम्ही ब्लेडने खरवडून तोडलीत. तिच्या जागी एक तार डकवलीत आणि तिला तुम्ही बनवलेलं एवढंसं सर्किट जोडलंत. ते सर्किट एका सेकंदात पाच वेळा ड्राइव्हला खोटंच सांगायचं, भोक दिसलं, भोक दिसलं. ड्राइव्ह फसली आणि फिरायला लागली. तुम्ही टेबलावर थाप मारलीत. मी तुम्हाला सांगितलं की सोल्डरिंग आयर्न तापलेलं असताना टेबलावर थापा मारू नयेत.

पुढचं काम त्याहून नाजूक. ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर, दोघांनाही सवय असते की वाचलेलं तपासायचं आणि हिशोब जुळला नाही तर सगळंच फेकून द्यायचं, चूक आहे म्हणून. तुम्ही पोस्टाने एक छोटं बोर्ड मागवलं होतं. ते मध्ये बसवलंत, म्हणजे डिस्कवरची अक्षरं ज्या चुंबकी ठोक्यांनी लिहिलेली असतात, त्यांतला प्रत्येक ठोका जसा आला तसा थेट लॅपटॉपवर उतरेल.

"हिला लई अक्कल हाय, म्हणून अडती," तुम्ही ड्राइव्हकडे बोट करून म्हणालात. "तिला म्हनायचं, बाई, चूक का बरोबर ते आमी बगू. तू नुसतं सांग काय दिसतंय."

तुम्ही हे माझ्याकडे न बघता म्हणालात. मला लागलं ते लागलंच. पण तुम्ही टोमणा मारत नव्हता, हे मला आज नक्की माहीत आहे. टोमणा मारायचा असता तर माझ्याकडे बघून मारला असता.

पहिली डिस्क आली. आत्याबाईंची म्हैस आली, शिव्या आल्या. आपण दोघं इतके हसलो की शेजारच्या बाई बघायला आल्या. जिथे ठोके झिजले होते तिथे अक्षर जात होतं. तुम्ही तिथे फुली मारायचात. मी म्हणायची, शब्द उघड आहे, लिहून टाका. तुम्ही म्हणायचात, "दिसतंय का? न्हाई ना. मग फुली." तुमच्यासारख्या आयुष्यभर पसाऱ्यात राहिलेल्या माणसाने मला शिस्त शिकवावी, हे मला सोसत नव्हतं.

दुसऱ्या डिस्कच्या शेवटी ती जागा आली. मी ती इथे मुलांसाठी उतरवते.

"समद्यांनी देव गाठुड्यात बांदले. मी एक टाक मागं ठिवला. माज्या पयल्या लेकीच्या वक्ताला केलता. लेक वाचली न्हाई, टाक ऱ्हायला. मी तो जवारीच्या कनगीत खुपसला. कुनाला बोलले न्हाई. रोज दळनाला जवारी काडताना हाताला लागायचा."

डिस्क तिथे संपली. पुढचं तिसऱ्या डिस्कवर.

तुमच्या आधी एक बहीण होऊन गेली, हे तुम्हाला माहीत होतं. तिच्यासाठी टाक केला होता, हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मीच ते टाइप केलं होतं आणि मीच काढलं होतं.

मग आपला शेवटचा वाद सुरू झाला. त्या टाकाचं पुढे काय झालं? मी सांगितलं की सासऱ्यांना तो कणगीत सापडला आणि त्यांनी तो रागाने नदीत टाकला. तुमचे दादा असं सांगायचे.

"दादाला काय माहीत? माय कुनाच्या हातानं काय टाकू देनारी न्हवती."

"भाऊजी, टाइप मी केलंय."

"आन् पुसलंबी तुमीच."

खरं सांगायचं तर मला आठवतच नव्हतं. टाइप करताना माझं लक्ष कळांवर होतं, आणि काढून टाकताना, लवकर संपावं यावर. पण ते मी कबूल केलं नाही. मी म्हटलं, "उद्या तिसरी लावा, म्हणजे कळेल कोण खरं." तुम्ही त्या दुपारी थोडी लावलीत. पहिला भाग सगळा फुल्यांचा आला. तुम्ही म्हणालात, ड्राइव्हचं वाचणारं हेड पुसून उद्या बघू, ही डिस्क झिजली आहे, वाचनाच्या तीन-चार फेऱ्यांच्या वर काही हिला फिरवायची नाही. सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गेला होतात.

जलदानविधी झाला, माणसं परतली. तुमच्या पुतण्याने फोनवर विचारलं, "आई, काकांच्या खोलीतलं ते सगळं इलेक्ट्रॉनिक भंगार कुणाला द्यायचं का?" मी त्याला सांगितलं की ते भंगार नाही आणि माझं काम अजून चालू आहे. तो घाबरला असावा. म्हणाला, "तुला जमेल का?" बेचाळीस वर्षं ज्या बाईने पोरांना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं शिकवलं, तिला असं विचारतात का?

माझ्याकडे तुमच्या सगळ्या पायऱ्या वहीत लिहिलेल्या होत्या, क्रमांक घालून. मी स्पिरिटने हेड पुसलं, वाळू दिलं, सर्किट चालू केलं, डिस्क पाठ वर करून घातली. पहिल्या फेरीत सगळ्या फुल्या. वही पुन्हा वाचली. दुसऱ्या फेरीत सगळ्या फुल्या. मी उठून खोलीभर हिंडले आणि तुमच्यावर मोठ्याने रागावले. माणसाने पायऱ्या सांगाव्यात तर पूर्ण सांगाव्यात.

मग मी तुमच्या खुर्चीत बसले. तुम्ही बसायचात तशी, जरा डावीकडे कलून. आणि मला तुमचा अंगठा दिसला. डिस्क फिरत असताना तुमचा डावा अंगठा कायम ड्राइव्हच्या कडीवर टेकलेला असायचा. मी समजायची, सवय आहे. ती कडी सैल होती, भाऊजी. डिस्क नीट दाबली जात नव्हती, आणि तुम्ही ती दर वेळी दाबून धरत होता. हे तुम्हालाच माहीत नसावं, नाहीतर सांगितलं असतंत.

मी अंगठा ठेवला आणि तिसरी फेरी लावली. अक्षरं आली.

आता मी ते जसं आलं तसं लिहिते. दोन ठिकाणी फुल्या आहेत, त्या फुल्याच ठेवल्या आहेत.

"आट रोज झाले. हाताला लागला की लेक आटवायची. मग म्या मनलं, हिला कनगीत कावून कोंडायचं? मला भ्या कुनाचं हाय? मालक रानात गेलते. मी टाक काडला, पदराला बांदला, नदीला गेले. मला कुनी जा मनलं न्हाई आन् कुनी नगू मनलं न्हाई. ××× लई पानी व्हतं. संगं कुनी न्हवतं, धाकटं कडंवर व्हतं. टाक सोडला तसं धाकट्यानं वाकून पान्यात हात घातला. त्याला वाटलं मासा हाय. लई हासाय लागलं. मी त्याला वर वडलं, मनलं, जाऊ दी रं, तुजी भन हाय ती, तिच्या वाटंनं जाऊ दी. मग मलाबी हासू आलं ××× आन् घरी येऊन भाकरी केल्या."

इथे संपतं. यानंतर मी त्या जागी जे छापलं होतं, ते असं आहे: सर्व वस्तीने एकमताने देवदेवतांचे विसर्जन केले. व्याकरणात एक चूक नाही.

ही बाई एकटी गेली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, गर्दीबरोबर नाही, आठ दिवस विचार करून गेली. हे सोडून मी सगळं छापलं. चूक माझी होती, भाऊजी. पस्तीस वर्षं तुम्ही बरोबर होता आणि मी फक्त जास्त चांगल्या भाषेत बोलत होते. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मला एक सकाळ कमी पडली.

अन्वी, ओम, तिन्ही डिस्कवरचं सगळं मी तुम्हाला पाठवते आहे, म्हशीसकट, शिव्यांसकट. काही शब्द कळणार नाहीत. फोन करा, मी सांगेन. दुरुस्त करून मात्र पाठवणार नाही.

आणि भाऊजी, आत्याबाईंना धाकटा एकच होता. तो टाक पाण्यात गेला तेव्हा तुम्ही तिथे होता. तुम्ही मायच्या कडेवरून वाकलात, बहिणीला धरायला हात घातलात, आणि हसलात.